रक्ताचा नमुना गेला, उत्तर परत आले का?

ब्राझीलच्या ईशान्येला, दुष्काळी पट्ट्यात, सेरिन्या दोस पिंतोस नावाचे एक छोटे गाव आहे. लोकसंख्या पाच हजारांच्या आत. गावात कोणाचीही चौकशी केली तर तो कुठून ना कुठून नात्यातलाच निघतो. चुलत-मामे भावंडांतली लग्ने तिथे पिढ्यानपिढ्या होत आली आहेत.

या गावात आणि आसपासच्या वस्त्यांत काही मुलांना एक विचित्र आजार होत असे. जन्मापासूनच दृष्टी अधू. रांगण्या-चालण्याच्या वयात पाय ताठ होऊ लागत. पौगंडावस्थेत येईपर्यंत चाकाची खुर्ची लागे. हातांतली ताकद जाई, बोलणे अडखळे. मोठा आवाज झाला की अंग जोराने दचके. बुद्धीला मात्र काही धक्का नसे. समोर काय चालले आहे हे त्या मुलाला सगळे समजत असे. या आजाराला नाव नव्हते. डॉक्टरांकडे उत्तर नव्हते, त्यामुळे गावाने आपली उत्तरे शोधली होती. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे एका पूर्वजाच्या वागण्याची ही फळे.

सिल्वाना सांतोस या जीवशास्त्रज्ञ तेव्हा साओ पाउलोत राहत होत्या. त्यांच्याच गल्लीत या गावाहून पोट भरायला आलेली कुटुंबे होती आणि त्यांपैकी एका घरातली मुलगी चालू शकत नव्हती. शेजारणींशी बोलता बोलता ‘आमच्या गावात सगळे एकमेकांचे भाऊबहीणच’ असे कानावर आले आणि सांतोस दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून सेरिन्याला पोहोचल्या. मग त्या जातच राहिल्या. घराघरांत बसून, कॉफी पीत, कोण कोणाचा कोण हे विचारत त्यांनी वंशावळी लिहून काढल्या, रक्ताचे नमुने घेतले. २००५ मध्ये त्यांनी आणि साओ पाउलो विद्यापीठातील सहकाऱ्यांनी या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. सुमारे पंचवीस रुग्ण, सगळे एकाच विस्तारलेल्या कुटुंबातले. आजाराला नाव मिळाले, ‘स्पोआन’. दोष नेमका कुठे आहे हे कळायला आणखी दहा वर्षे गेली. २०१५ मध्ये तो सापडला. अकराव्या गुणसूत्रावर डीएनएची २१६ अक्षरे गळालेली होती. गंमत अशी की ही अक्षरे प्रथिन बनवण्याच्या कृतीतली नव्हतीच, त्या कृतीच्या अलीकडची होती. ती गेल्यामुळे ‘केएलसी-२’ हे जनुक प्रमाणाबाहेर काम करू लागते आणि लांबलचक चेतातंतूंतून होणारी मालवाहतूक बिघडते. बहुतेक आनुवंशिक आजारांत जनुक कमी पडते, इथे ते जास्त होते.

२०२४ मध्ये बीबीसीने जगभरातील शंभर प्रभावशाली महिलांची यादी काढली, तीत सांतोस यांचे नाव होते. ही काही विज्ञानाची मोठी मानाची पदवी नव्हे. पण या यादीमुळे सेरिन्याचे नाव जगाला कळले. पुरस्कारांची चर्चा करताना सांतोस यांच्यापासून सुरुवात करण्याचे कारण वेगळे आहे. जनुकशास्त्रात गरीब प्रदेशांचे रक्त नेहमीच मोलाचे ठरले. नमुना घेतला जाई, विमानाने दूरच्या प्रयोगशाळेत जाई, तिथे शोध लागे, शोधनिबंध छापला जाई आणि मानसन्मानही तिथेच होई. ज्याच्या दंडातून रक्त काढले त्याला पुढे काय झाले हे बहुधा कधीच कळत नसे. सांतोस उत्तर घेऊन गावात परत गेल्या. आजार शापामुळे होत नाही. आई आणि वडील दोघांकडेही बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. हे त्यांनी कॉफी पिता पिताच लोकांना सांगितले.

मामेबहिणीशी लग्न ही प्रथा असलेल्या महाराष्ट्रातल्या घरांना यात परके असे काही वाटू नये. नात्यातल्या लग्नातून प्रत्येक वेळी आजारी मूलच होते, असे नाही. बहुतेक मुले धडधाकट असतात. पण आजोबा-आजी एकच असले की एकाच दोषाच्या दोन प्रती एका मुलात एकत्र येण्याचा धोका वाढतो, इतकाच त्याचा अर्थ.

विकसनशील देशांतील जनुकशास्त्रज्ञांची दखल घेणारे पुरस्कार तसे फार जुने नाहीत. पाकिस्तानी नोबेलविजेते अब्दुस सलाम यांनी १९८३ मध्ये इटलीतील त्रिएस्त येथे तिसऱ्या जगासाठी विज्ञान अकादमी स्थापन केली. तिची बक्षिसे आज ‘ट्वास पुरस्कार’ म्हणून ओळखली जातात. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक पार्थ मजुमदार हे त्याचे एक मानकरी. लॉरिआल कंपनी आणि युनेस्को १९९८ पासून महिला शास्त्रज्ञांना जो पुरस्कार देतात, त्यात जगाचे पाच विभाग करून प्रत्येक विभागातून एक नाव निवडण्याची पद्धत रूढ झाली. या विभागणीमुळेच २००१ मध्ये ब्राझीलच्या मायाना झात्स यांचे नाव पुढे आले. स्नायूंच्या आनुवंशिक आजारांवर आयुष्यभर काम केलेल्या झात्स यांनी साओ पाउलोत रुग्णांसाठी संघटनाही उभी केली होती. स्पोआनच्या शोधातही त्यांची प्रयोगशाळा होती. २००६ मध्ये ट्युनिशियाच्या हबीबा बौहामेद शाबौनी यांना तो मिळाला. नात्यातली लग्ने सर्रास होणाऱ्या देशात आनुवंशिक आजारांचे निदान आणि समुपदेशन सरकारी रुग्णालयात आणणे, हे त्यांचे काम. ‘ह्यूमन जिनोम ऑर्गनायझेशन’ म्हणजे ‘ह्युगो’ ही मानवी जनुकशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना. ती आशिया-पॅसिफिकसाठी ‘चेन पुरस्कार’ देते आणि आफ्रिकेसाठी स्वतंत्र ‘आफ्रिका पुरस्कार’.

असे वेगळे पुरस्कार म्हणजे एक प्रकारचे आरक्षण आहे, गुणवत्तेला सीमा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्याला आकडेच उत्तर देतात. २०१९ पर्यंत जगभरात झालेल्या मोठ्या जनुकीय पाहण्यांत भाग घेतलेल्या माणसांपैकी ७८ टक्के युरोपीय वंशाचे होते. आशियाई १० टक्के, आफ्रिकी अवघे २ टक्के. जगाची साठ टक्के वस्ती आशियात राहते हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अर्थ उमगतो. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांचा धोका सांगणाऱ्या जनुकीय चाचण्या ज्या माहितीवर बेतलेल्या आहेत ती बहुतांशी एकाच खंडातल्या वंशजांची आहे. त्या आपल्याला कितपत लागू पडतील? हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारस्वामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरे गळालेली असतात, हा दोष दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत आहे आणि उतारवयात हृदय निकामी होण्याशी त्याचा संबंध आहे. शंभरात चार जणांमध्ये असलेली ही गोष्ट युरोपीय रक्तात शोधून सापडलीच नसती, कारण तिथे ती जवळपास नाहीच.

आफ्रिकेबाबत तर तूट आणखी मोठी आहे. माणूस मूळचा तिथला, त्यामुळे माणसाच्या डीएनएतील सर्वाधिक विविधता तिथेच. आफ्रिकी संशोधकांच्या ‘एच-३-आफ्रिका’ या प्रकल्पाने २०२० मध्ये ५० भाषिक समूहांतील फक्त ४२६ जणांचे जनुकसंच वाचले. त्यांत आधी कुठेच नोंद नसलेले तीस लाखांहून अधिक जनुकीय बदल सापडले.

२०१९ चा ह्युगो आफ्रिका पुरस्कार ख्रिस्तियन हॅपी यांना मिळाला. हॅपी जन्माने कॅमेरूनचे. शिक्षण नायजेरियातील इबादान विद्यापीठात, मग हार्वर्डमध्ये काही वर्षे मलेरियावर संशोधन. पुढे त्यांनी आपले काम नायजेरियात परत आणले. राजधानीतही नाही, तर ओसुन राज्यातल्या एदे या गावातील रिडीमर्स विद्यापीठात. तिथे त्यांनी संसर्गजन्य रोगांच्या जनुकशास्त्राचे केंद्र उभारले. जागतिक बँकेचा पैसा होता आणि अमेरिकेतील संगणकीय जनुकशास्त्रज्ञ पार्डिस सबेटी यांच्यासारखे सहकारी होते. आफ्रिकेतला विषाणू आफ्रिकेतच वाचला गेला पाहिजे, हा हट्ट मात्र हॅपी यांचा.

या हट्टामागे काय आहे हे समजायला २०१४ मध्ये जावे लागेल.

त्या वर्षी २५ मे रोजी सिएरा लिओनमधील केनेमा येथील सरकारी रुग्णालयात एका महिलेच्या रक्तात इबोलाचा विषाणू सापडला. त्या देशातला तो पहिला निश्चित रुग्ण. केनेमात तो इतक्या लवकर ओळखता आला, कारण लासा ज्वराच्या अभ्यासासाठी तिथे आधीपासून छोटी प्रयोगशाळा होती आणि इबोलाची चाचणीही मांडून ठेवलेली होती. ती चाचणी तिथल्याच तंत्रज्ञांनी केली. नमुने निर्जंतुक करून अमेरिकेत, बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला पाठवले गेले. तिथे ७८ रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूचे ९९ जनुकसंच वाचले गेले आणि २८ ऑगस्टला ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला.

त्या निबंधाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. विषाणू प्राण्यांतून माणसांत वारंवार येत नव्हता. तो एकदाच आला होता आणि मग माणसांतून माणसांत पसरत होता. सिएरा लिओनमध्ये त्याने प्रवेश केला तो एका अंत्यविधीतून. म्हणजे जंगलात वटवाघळे शोधत बसण्याऐवजी माणसांची साखळी तोडा, अंत्यविधी सुरक्षित करा, हा त्याचा थेट अर्थ. पण निबंध छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलाने दगावले होते. केनेमाच्या रुग्णालयातली ती माणसे होती. ज्वरांच्या विभागाचे प्रमुख डॉ. शेक हुमार खान २९ जुलैला गेले. संशोधनाच्या इतिहासात लेखकांच्या नावांपुढे अशी मृत्यूची खूण क्वचितच लागली असेल.

याच सुमारास, २० जुलैला, लायबेरियाहून विमानाने आलेला एक प्रवासी लागोसच्या विमानतळावर कोसळला. दोन कोटींच्या आसपास वस्तीचे, दाटीवाटीचे शहर. मलेरिया असेल म्हणून त्याला सोडून देण्यासाठी दबाव येत होता. डॉ. स्टेला अमेयो अदादेवोह यांनी त्याला रुग्णालयाबाहेर जाऊ दिले नाही. निदान नायजेरियातच झाले. लागोसच्या वैद्यकीय विद्यापीठाची विषाणू प्रयोगशाळा आणि हॅपी यांचा गट दोघेही त्यात होते. नमुना परदेशी पाठवून वाट पाहावी लागली असती तर किती दिवस गेले असते, याची कल्पनाच केलेली बरी. सुमारे ९०० संपर्कांचा माग काढला गेला. एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू. त्यांपैकी एक डॉ. अदादेवोह, १९ ऑगस्टला. २० ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त जाहीर केला.

चार वर्षांनी, २०१८ मध्ये, नायजेरियात लासा ज्वराची मोठी साथ आली. लासा हे त्याच देशातल्या एका गावाचे नाव. १९६९ मध्ये हा ज्वर तिथे प्रथम ओळखला गेला. त्या वर्षी सहाशेहून अधिक निश्चित रुग्ण झाल्यावर भीती पसरली की विषाणू बदलला असावा आणि इबोलासारखा माणसांतून पसरू लागला असावा. हॅपी यांच्या केंद्रासह दोन गटांनी विषाणूचे जनुकसंच वाचले, तर उत्तर नेमके उलटे आले. प्रत्येक रुग्णातला विषाणू वेगळ्या फांदीवरचा होता, आधीच्या वर्षांत सापडलेल्यांसारखाच. तो दर वेळी उंदरांकडून येत होता. म्हणजे इथे गावे बंद करण्याची गरज नव्हती, धान्य झाकून ठेवण्याची आणि उंदरांचा बंदोबस्त करण्याची होती. पद्धत तीच, पण २०१४ मध्ये तिने एक उपाय सुचवला आणि २०१८ मध्ये दुसरा. हे उत्तर साथ चालू असताना मिळाले, म्हणून उपयोगी पडले. दोन वर्षांनी छापलेल्या निबंधातून मिळाले असते तर ते फक्त ग्रंथालयात राहिले असते.

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस नायजेरियात करोनाचा पहिला रुग्ण सापडला. मार्चच्या सुरुवातीलाच त्याच्या नमुन्यातील विषाणूचा जनुकसंच एदे येथे वाचून झाला होता. आफ्रिकेतून जाहीर झालेला करोना विषाणूचा तो पहिला जनुकसंच. केनेमाचे नमुने अटलांटिक ओलांडून गेले होते, त्याला सहा वर्षेही झाली नव्हती.

ह्युगोचा पुरस्कार हॅपी यांना करोनाच्या आधीच मिळाला होता, ही गोष्ट पुरस्कार देणाऱ्यांच्या बाजूने सांगायला हवी. साथ गाजल्यानंतर टाळ्या वाजवणे सोपे असते.

जगाने घेतलेली दुसरी दखल मात्र वेगळ्या प्रकारची होती. नोव्हेंबर २०२१. बोत्सवानाची राजधानी गाबोरोनी येथील प्रयोगशाळेत सिखुलिले मोयो करोनाच्या नमुन्यांची जनुकीय क्रमवारी तपासत होते. ११ नोव्हेंबरला घेतलेल्या चार नमुन्यांतील विषाणूवर इतके बदल होते की ते आधी कधी एकत्र दिसले नव्हते. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील एका खासगी प्रयोगशाळेत रॅकेल व्हियाना यांनाही तेच दिसले. तिथले जनुकीय देखरेखीचे जाळे तुलियो दि ओलिव्हेरा चालवत होते. तेही मूळचे ब्राझीलचे. दोन्ही देशांनी ही माहिती खुल्या माहितीकोशात टाकली. २५ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने जगाला सांगितले आणि २६ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने त्या प्रकाराला ओमायक्रॉन हे नाव दिले.

आणि एक-दोन दिवसांत ब्रिटन, युरोपीय संघ, अमेरिका यांनी दक्षिण आफ्रिकेच्या टोकावरील देशांची विमाने बंद केली. यादीत असेही देश होते जिथे तोपर्यंत एकही ओमायक्रॉन रुग्ण सापडलेला नव्हता. ३० नोव्हेंबरला नेदरलँड्सने जाहीर केले की त्यांच्याकडच्या १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांत तो विषाणू होता. म्हणजे ‘आफ्रिकेतून आलेला’ म्हणून दारे लावली तेव्हा तो घरातच होता. विमाने थांबल्यामुळे क्रमवारी वाचण्याची रसायने मिळणे अवघड होईल, असा इशारा दि ओलिव्हेरा यांनी दिला. ज्या साहित्याच्या जोरावर शोध लागला, तेच अडण्याची वेळ आली.

पुढे सन्मान आले. दि ओलिव्हेरा २०२१ च्या ‘नेचर’च्या दहा जणांच्या यादीत होते. २०२२ मध्ये ‘टाइम’च्या शंभर प्रभावशाली व्यक्तींत त्यांचे आणि मोयो यांचे नाव एकत्र आले. पण या दोन घटनांमधला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी शिक्षा झाली, मग बक्षीस. उद्या एखाद्या लहान देशातल्या आरोग्यमंत्र्यासमोर असाच अहवाल आला, तर त्याला आठवेल ते बंद विमानतळ आणि रिकामी हॉटेले. मासिकाचे मुखपृष्ठ आठवणार नाही. अहवाल आठवडाभर दाबून ठेवावा असे त्याला वाटले, तर त्या आठवड्याची किंमत सगळे जग मोजेल.

महाराष्ट्राने याची चव थोडी आधी घेतली होती. २०२१ च्या सुरुवातीला विदर्भात रुग्ण वाढू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने आणि देशातल्या इतर प्रयोगशाळांनी नमुन्यांत बी.१.६१७ हा प्रकार ओळखला. त्याच्याच एका शाखेला पुढे डेल्टा म्हणू लागले. त्या दरम्यान जगभरच्या मथळ्यांत तो ‘भारतीय व्हेरिअंट’ होता. देशांची नावे विषाणूंना चिकटू नयेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरे वापरायला सुरुवात केली ती ३१ मे २०२१ रोजी. त्यानंतर सहाच महिन्यांनी, ४ डिसेंबरला, डोंबिवलीत महाराष्ट्राचा पहिला ओमायक्रॉन रुग्ण नोंदला गेला. केप टाउनहून आलेल्या त्या प्रवाशाच्या नमुन्यात काय शोधायचे हे इथल्या प्रयोगशाळेला ठाऊक होते, कारण आठवडाभर आधी गाबोरोनी आणि जोहान्सबर्गच्या लोकांनी ते लपवले नव्हते.

संशोधन स्थानिक माणसाने केले म्हणजे सगळे आपोआप सुधारते, असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकात आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्याचे दाखवून दिले. शोध महत्त्वाचा होता. पण लोकांच्या दृष्टीने ती त्यांची निकड नव्हती. आजार बरा करणारे औषध हातात नसताना त्याचे नाव कळून उपयोग काय, हा त्यांचा रास्त प्रश्न होता. संशोधन आपल्या जिज्ञासेसाठी झाले, लोकांच्या गरजेतून नव्हे, अशी कबुली डॉ. बंग यांनी स्वतःच अनेकदा दिली आहे आणि त्यानंतर त्यांनी आपली कामाची रीत बदलली. शास्त्रज्ञाने इतके स्वच्छपणे हे मान्य करणे तसे दुर्मीळच. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेलच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट घेऊन. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात आज तरुणांच्या हाती तपासणीची रंगीत कार्डे पडतात. वाहक-वाहक यांनी लग्नाआधी विचार करावा हा त्यामागचा हेतू. पण त्याच कार्डामुळे एखाद्या मुलीचे लग्न मोडते, तेव्हा तिच्याशी बोलायला समुपदेशक गावात असतो का? उत्तर परत गेले म्हणायचे तर तेवढे व्हायला हवे.

दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी हा प्रश्न स्वतःच हाती घेतला. जगातल्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक म्हणून जनुकशास्त्रज्ञ त्यांच्याकडे रांग लावत. २०१७ मध्ये सान प्रतिनिधींनी संशोधकांसाठी आचारसंहिता जाहीर केली. आमच्याशी आदराने वागा, खरे बोला, आधी परवानगी घ्या, निष्कर्ष छापण्यापूर्वी आम्हाला दाखवा आणि आम्हालाही त्याचा लाभ होऊ द्या, असा तिचा आशय. या संहितेला कोणी पुरस्कार दिलेला नाही. तरी जनुकशास्त्रातल्या एखाद्या मोठ्या शोधाइतकेच तिचे मोल आहे.

पुरस्कार एका माणसाला मिळतो, ही त्याची मर्यादा. प्रयोगशाळेला मात्र चोवीस तास वीज लागते, उणे ऐंशी अंशांचे शीतकपाट लागते, महिन्याला पगार मिळणारे तंत्रज्ञ लागतात आणि बहुतेक सगळी रसायने बाहेरून विकत आणावी लागतात. ‘एच-३-आफ्रिका’ प्रकल्प २०२२ मध्ये संपला. त्याचा बहुतांश पैसा अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांचा होता. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या त्या संस्थेने आपल्या अनुदानातून परदेशी सहकारी संस्थांकडे जाणारा उपनिधी जुन्या पद्धतीने देणे थांबवत असल्याचे जाहीर केले. पदके भिंतीवर टांगलेली आणि खाली यंत्र बंद, ही भीती आफ्रिकेतल्या अनेक केंद्रांना आज खरी वाटते. भारताने स्वतःच्या पैशाने दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचले. ‘जिनोम इंडिया’ची ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. असे करणे परवडेल असे देश विकसनशील जगात मोजकेच आहेत.

सेरिन्या दोस पिंतोसमध्ये स्पोआनवर औषध अजून मिळालेले नाही. ज्यांना तो आधीच झाला आहे त्यांना व्यायाम, खुर्ची आणि घरच्यांची सोबत, एवढेच आहे. पण पूर्वी ज्यांना गावात लंगडे-पांगळे म्हणून हाक मारली जाई, त्यांच्या आजाराला आता त्याच्या नावाने ओळखतात. नात्यात लग्न ठरवताना चाचणीचा विषय निघतो, तरीही काही जोडपी जाणून-बुजून तेच लग्न करतात. सिल्वाना सांतोस आता पराइबा राज्य विद्यापीठात शिकवतात. तेही ईशान्य ब्राझीलमध्येच आहे. सेरिन्याला जायला आता पूर्वीसारखे दोन हजार किलोमीटर पडत नाहीत.